हात पिठाचे होते

सर, निवडणुकीत मी पडले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत ऐकाल. कोणी गोष्ट सांगायला लागलं की तुम्ही चष्मा कपाळावर चढवून म्हणायचात, "शेवट सांग पयले, मंग रस्ता पाहू." तर शेवट असा, की आमच्या गावची सरपंचकी माझ्या भावाच्या सुनेनं माझ्याविरुद्ध जिंकली, आणि तिला उभं राहू देणारी मीच. भाऊ अजून माझ्याशी तुटक बोलतो. गावातल्या बाया विचारतात, "काहून वं बाई, चालून आलेलं ताट लाथाडलं?" त्यांना काय सांगणार? एम.ए.च्या वर्गात शिकलेल्या एका शब्दापायी मी पडले, असं सांगितलं तर मला धरून अकोल्याच्या दवाखान्यात नेतील. म्हणून तुम्हाला सांगते. तुम्हाला जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली, पण या विषयावर बोलायला मला दुसरं माणूसच नाही. तो शब्द बैअत.

तुम्ही अचलपूरला राहायचात आणि सकाळच्या एस.टी.नं अमरावतीच्या कॉलेजात यायचात. मी वलगावला चढायची. आमचं गाव तिथून आत, घर माळ्याचं, शेवंती आणि झेंडू लावणारं. बाबांनी बाजारात पोचवायला दिलेलं फुलांचं गाठोडं माझ्या मांडीवर, आणि त्याच्यावर राज्यशास्त्राचं पुस्तक. तुम्ही खिडकीकडे सरकून जागा करायचात आणि कंडक्टरला सांगायचात, "फुलाईचं लगेज नको लावू बापा, सारी गाडी फुकटात वास घेऊन राहिली." इस्लामी राजकीय विचार हा ऐच्छिक पेपर मी घेतला तो काही ज्ञानाच्या ओढीनं नव्हे. त्याचा तास लवकर सुटायचा आणि परतीची गाडी सापडायची, एवढंच. पहिल्याच तासाला तुम्ही दोन मुलांना फळ्यापुढे समोरासमोर उभं केलंत, एकाचा हात दुसऱ्याच्या हातात दिलात आणि म्हणालात, "हे पाहा. याच्यातून राज्य उभं राहते." खलिफा आभाळातून पडत नाही, कोणीतरी त्याचा हात हातात घेऊन, तोंडानं बोलून, सांगावं लागतं की मी तुला मानतो, तू न्यायानं चाल. ती बैअत. दोन्ही बाजूंना बांधणारा करार. मग तुम्ही माझ्याकडे वळलात. "तुया बाप फुलाईचा सौदा कसा करते?" मी म्हटलं, हातावर हात मारून. "मंग तेच हाय हे. फरक इतकाच का इथं मानूस सोताची मान देऊन राहिला, झेंडू नाई." वर्ग हसला, मला हसू आलं नाही. माझा बाप रोज पहाटे आडत्याच्या हातावर जी थाप मारतो, तसल्या एका थापेवर कुठंतरी राज्य उभं राहिलं होतं, हे डोक्यात मावेना. त्या दिवशी मी बसमध्ये स्वतःचाच तळहात बघत बसले होते.

आणि मग मी तो निबंध लिहिला. आठवतो? तुम्ही तो वर्गात सगळ्यांपुढे वाचलात. मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं की बैअत म्हणजे आपल्याकडचं पाया पडणंच. थोराच्या पायावर डोकं ठेवलं की आपण त्याचे झालो. तुम्ही कागद टेबलावर ठेवलात आणि आवाज न चढवता म्हणालात, "पोरी, पायावर डोकं ठेवलं त पुढच्याचं तोंड दिसते का? आन त्याले तुयं दिसते का? बैअतीत तोंड दिसलं पायजे. दोघं बी एका उंचीवर पायजेत. तू तं साऱ्या शास्त्राले खाली वाकोलं." मला रडू फुटलं, रागानं. परतीच्या गाडीत मी मुद्दाम मागच्या बाकावर जाऊन बसले. तुम्ही उठून मागे आलात, धक्के खात उभे राहिलात आणि म्हणालात, "रागावली त रागाव, पन आयकून रागाव." अशी तुमची समजूत काढायची तऱ्हा.

त्या दिवशी तुम्ही मदिनेच्या एका थोर फकिहाची गोष्ट सांगितलीत. फकीह म्हणजे धर्मशास्त्राचे जाणते. जबरदस्तीनं वदवून घेतलेला तलाक हा तलाकच नव्हे, असं ते सांगायचे. आता ही नवरा-बायकोची, घरातली गोष्ट. ती ऐकून हाकिमानं का चिडावं? कारण लोकांनी लगेच ओळखलं की जबरीचा तलाक खोटा असेल तर जबरीची बैअतही खोटी, आणि त्या वेळच्या खलिफानं ती धाक घालून घेतली आहे अशी कुजबुज होतीच. म्हणून त्या म्हाताऱ्या माणसाला चाबकानं मारलं. हात असे ओढले की खांदा निखळला, असं सांगतात. मी विचारलं, मग त्यांनी बोलणं बदललं का? तुम्ही नुसती मान हलवलीत, नाही. "घरातल्या बाईच्या बाजूनं एक वाक्य बोलले, आन धक्का तख्ताले बसला," तुम्ही म्हणालात. एका घरातला खोटा तलाक आणि एका राजाचं खोटं राज्य एकाच धाग्यानं बांधलेलं आहे, आणि हे कोणीतरी हजार वर्षांपूर्वी ओळखून त्यासाठी पाठीवर वळ उठवून घेतले, या विचारानं मी अशी काही थिजले की वलगाव आलं, गेलं, मला पत्ताच नाही. आसेगाव मागे पडल्यावर कंडक्टर ओरडला, "अवं बाई, तुले उतराचं नोतं का?" तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात. आता अचलपूरलाच चल म्हणालात, जेव, आणि उलट्या गाडीनं परत जा.

म्हणून तुमचं घर मला दिसलं. तुमच्या बेगम, ज्यांना मी पुढे खाला म्हणायला लागले, स्वयंपाकघरात खाली बसून ज्वारीच्या भाकरी थापत होत्या. शेजारी कल्हईचा तांब्याचा कटोरा, पाण्यानं भरलेला; त्यात हात बुडवायचा, भाकरीवर फिरवायचा, पुन्हा थापायचं. अगदी आईसारखं. तुम्ही माझी ओळख करून देताना म्हणालात, बैअतीपायी ठेसन चुकेल पोट्टी हाय ही. खाला म्हणाल्या, "बैअतीचं याईले नको इचारू. मले इचार." आणि त्यांनी तुमच्या लग्नाची गोष्ट काढली. निकाहच्या वेळी मुलीच्या वतीनं बोलणारा वकील आणि साक्षीदार आत जाऊन तिला विचारतात, कबूल आहे का. कुमारी मुलगी लाजून गप्प राहिली तर ते गप्प राहणं म्हणजेच होकार, असं शास्त्र मानतं. "मी चूप होती," खाला म्हणाल्या, "कावून का माई दाढ दुखून राहिली होती. तोंडात लवंग धरली होती मी. बाहीर येऊन सांगतलं, पोरगी शरमली, रजामंदी हाय." तुम्ही हसत म्हणालात, "मंग काय, दाढ नसती दुखत त नाई म्हनली असती?" खालांनी भाकरी उलटली. "काय मालूम? तवा कोनी धड इचारलंच नाई." गंमतीतच म्हणाल्या त्या, पण तुमचं हसू चेहऱ्यावरच थांबलं. सर, तुमचा एवढा गोंधळलेला चेहरा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

मग खालांनीच सांगितलं की पैगंबरांना बायकांनीही बैअत दिली होती. "हुजूरनं बायाईचा हात हातात नाई घेतला. बाया तोंडानं बोलल्या. आन कोनी सांगते, पान्याचा कटोरा ठेवला होता; आधी त्याईनं हात बुडोला, मंग एकेक बाईनं." तुम्ही दारातून दुरुस्ती केलीत, "पान्याची रिवायत कच्ची हाय. तोंडी बोलल्या ते पक्कं." रिवायत म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे चालत आलेली हकीकत. खालांनी मान वर न करता उत्तर दिलं, "कच्ची असन त असो. मले आवडते." मी त्या कटोऱ्याकडे बघत भाकरी खात होते. पुढे मला अकोल्याला नोकरी लागली तेव्हा खालांनी तोच कटोरा जुन्या ओढणीत बांधून दिला. म्हणाल्या, नवा घेऊन देत होते हे, पण नव्याला काय करायचं?

अकोल्यात मी जन्मभर राज्यशास्त्र शिकवलं. लग्न केलं नाही, हे तुम्हाला ठाऊकच. निवृत्त झाले आणि कटोरा घेऊन गावी भावाकडे राहायला आले. माझा धाकटा भाऊ, त्याचा मुलगा, आणि मुलाची बायको. ही सून म्हणजे, सर, आगीचा लोळ. खरं सांगते, मला ती फारशी आवडायची नाही. सारखा कानाला फोन, आवाज असा की शेतातून हाक मारली तर रस्त्यावरचा माणूस थांबेल. फुलांचा सगळा व्यवहार तिच्याच हातात. पहाटे गावातल्या बायांना घेऊन फाट्यावर अमरावतीच्या गाडीची वाट बघत उभी राहते. तिथं ना दिवा, ना डोक्यावर छप्पर. ती त्यावरून ग्रामपंचायतीत तीनदा भांडून आली होती. यंदा सरपंचपद बाईसाठी राखीव झालं, तर हिनं कोणाला न विचारता अर्ज भरून टाकला. इकडे गावातली चार वजनदार माणसं आणि माझा भाऊ सेवा सोसायटीच्या ओट्यावर बसून ठरवून मोकळे झाले होते की या वेळी निवडणूक अविरोध करायची आणि शिकलेली बाई म्हणून मला बसवायचं. "ताई, तुमाले कोन ना म्हनते?" असं ते म्हणाले. मला, खोटं कशाला बोलू, गुदगुल्या झाल्या. जन्मभर सत्तेवर व्याख्यानं दिली, आता खुर्ची स्वतः चालत आली होती. मीही अर्ज भरला.

ओट्यावरची ती डोकी पाहून मला तुमचे फकीह आठवले होते आणि मी मनातल्या मनात हसले होते. किती जणांनी हात दिला म्हणजे राज्य खरं, यावर त्यांचं केवढं भांडण! ज्यांना राज्याची गाठ बांधण्याचा आणि सोडण्याचा अधिकार आहे अशी जाणती माणसं, पण किती? कोणी म्हणे गावोगावची सगळी, कोणी म्हणे पाच पुरेत, कोणी म्हणे निकाहसारखं तिघांत भागतं, आणि कोणी तर म्हणे एकाच माणसानं हात दिला तरी चालेल. मी तुम्हाला विचारलं होतं, एकानं भागतं तर मग हे सगळं नाटकच झालं की. तुम्ही चिडला नाहीत. तुम्ही उलट जे मी विचारलं नव्हतं तेही सांगितलंत, की तलवारीच्या जोरावर बसलेल्यालाही मान्य करा, नाहीतर रक्तपात होईल, असंही याच शास्त्रात लिहिलेलं आहे. "पन बेटा, हे पाह्य," तुम्ही म्हणालात, "मजबुरीले त्याईनं मजबुरीच म्हटलं. रजामंदी नाई म्हटलं. तितकी लाज ठेवली." हे वाक्य मी अकोल्यात किती वर्गांना ऐकवलं असेल. दरवेळी मुलं उतरवून घ्यायची आणि मी दरवेळी थक्क व्हायची की लाचारीला लाचारी म्हणायची हिंमत सुद्धा शास्त्रात बसते.

तर अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी भावानं सुनेला पुढ्यात बोलावलं. आत्याबाईच्या विरोधात उभी राहशील? घराची इज्जत काय राहील? तिचा नवरा जमिनीकडे बघत होता. ती काही बोलली नाही. एरवी तिला चूप करायला तहसीलदार लागतो, पण त्या दिवशी पदर डोक्यावर ओढून घेतला, आली आणि माझ्या पाया पडली. "झालं!" भाऊ म्हणाला. "मांगं घेतलं तिनं." चहा झाला. सवयीनं माझ्याही तोंडून निघून गेलं, सुखी राहा.

सकाळी मला चैन पडेना. ती चूप होती, हे राहून राहून आठवे, आणि आठवलं की जिभेवर लवंगेची चव येई. मी स्वयंपाकघरात गेले. ती भाकरी थापत होती. शेजारी तुमचाच कटोरा. मी पाट ओढून समोर बसले आणि विचारलं, "तू आज फॉर्म मांगं घेऊन राहिली?"

"तुमी सांगसान तसं, आत्याबाई."

"मी काई सांगून नाई राहिली. तुले घ्याचा हाय का?"

"मामाजी म्हनतेत का…" सासऱ्याला, म्हणजे माझ्या भावाला, ती मामाजी म्हणते.

"मामाजी नाई. तू."

ती थापत राहिली. भाकरी हवी त्यापेक्षा पातळ व्हायला लागली. तेव्हा मी हात पुढे केला, सर. असा, तळवा वर करून. म्हटलं, "दे हात. आन माह्याकडे पाहून म्हन, मी खुशीनं मांगं घेतो. मंग मी जातो, तहसीलात पेढे वाटतो."

"हात पिठाचे हायेत."

"मंग धू."

तिनं कटोऱ्यात दोन्ही हात बुडवले, चोळले, झटकले. उजवा हात अर्ध्यापर्यंत आला. मी तो येताना पाहिला. बोटांवरून पाणी ठिबकत होतं. आणि तो तिथंच थांबला. मग सावकाश मागे गेला आणि तिनं तो पदराखाली घेतला. मान वर केली. इतकी वर्षं एका घरात राहून मी तिचा चेहरा पहिल्यांदा समोरून पाहिला असं वाटलं. म्हणाली, "आत्याबाई, नाई जमत. मले उभं राहाचं हाय." हळू बोलली नाही, नेहमीच्या आवाजात बोलली. अंगणापर्यंत गेलं. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, तिकडे दोघींचंही लक्ष नव्हतं. काल जिनं सहज माझ्या पायाशी डोकं ठेवलं, तिलाच आज वेळ आल्यावर हात देववला नाही. तुमचं शास्त्र मी पस्तीसेक वर्षं शिकवलं होतं, पण ते असं चुलीपुढे बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मला भीतीच वाटली, देवळात अचानक घंटा वाजली की वाटते तशी. आणि फार, फार मोठं काहीतरी पाहायला मिळाल्याचा आनंदही झाला.

भाऊ दारात येऊन उभा होता. "ताई, हे काय चालवलं? काल पाया त पडली न ते!"

मी म्हटलं, "पाया पडली तवा तिचं तोंड दिसलं का तुले?"

"इज्जत जाईन न घराची. एका घरातून दोन उमेदवार!"

"तिनं हो म्हटलं नाई. तिच्या चूप बसन्यावर मी खुर्चीत नाई बसत." मी पण मागे घेत नाही आणि तीही घेणार नाही, काय ते गाव ठरवेल, असं सांगून मी पाट उचलला. भावानं त्या दिवशी जेवण घरी केलं नाही. ओट्यावरची मंडळी संध्याकाळी येऊन म्हणून गेली, बाई, तुमी गावाचा चांगला चाललेला कार्यक्रम नासवला. एक जण पुटपुटला, पुस्तकं जास्त झाली की असं होते. त्याचं काही चुकलं नाही.

पुढचे दिवस आमच्या घरातून दोन प्रचार निघत. एकाच दारातून, एकाच चपलांच्या ढिगातून. ती बायांना घेऊन वरच्या आळीत जाई, मी खालच्या. दुपारी दोघी एका ताटलीतल्या शेंगा खात बसायचो आणि एकमेकींना काही विचारायचो नाही. मतदानाच्या दिवशी शाळेपुढे रांग पाहिली आणि माझे पाय थबकले. वलगावच्या बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या बाया टोपल्या तिथंच ठेवून आल्या होत्या. एका म्हातारीला तिच्या नातवानं पाठुंगळी आणलं होतं आणि ती आत कोणाला येऊ देईना, "मी एकटीच जातो" म्हणून. अविरोध झालं असतं तर यांतल्या एकीलाही कोणी काही विचारणार नव्हतं. तुम्ही सांगायचात की पहिल्या खलिफाला आधी मोजक्या लोकांनी एका जागी हात दिला, आणि दुसऱ्या दिवशी मशिदीत सगळ्यांनी. ती खास लोकांची बैअत आणि ही आम लोकांची. मी त्या रांगेकडे बघत राहिले आणि ओट्यावरचे ते पाच जण मला एकदम फार लहान वाटायला लागले. मीही. मत म्हणजे बैअत नव्हे, हे तुम्ही बजावलं होतंत. मत देऊन माणूस घरी जातो, हात दिला की जबाबदारी घरी येते. तरी ती म्हातारी भिंत धरत धरत आत गेली तेव्हा माझे डोळे भरून आले.

ती जिंकली, आणि बरीच जिंकली. गुलालानं माखलेली आली, पाया पडायला वाकली, आणि मी पाय मागे घेतले. मला म्हणायचं होतं, वाकू नको, समोर उभी राहा. पण तेवढ्यात बायांनी तिला ओढून नेलं, आणि तिला तो माझा राग वाटला. तिथून आमच्यात एक भिंत उभी राहिली. मला तिला हात द्यायचा होता आणि तो देववेना. मी शास्त्रातच आडोसा शोधला. पहिल्या खलिफाच्या वेळी एका मोठ्या सरदारानं शेवटपर्यंत हात दिला नाही, आणि त्याला कोणी छळलं नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं. म्हटलं, मीही तशीच राहीन. हरल्यावर माणसाला काय काय आठवतं!

काल शाळेच्या वर्गात ग्रामसभा झाली. तिनं फाट्यावरच्या शेडची जागा जाहीर केली, रस्त्याच्या अलीकडे, आमच्या शेताला लागून. मी उठून उभी राहिले. म्हटलं, गाडी पलीकडे थांबते. बाया अंधारात रस्ता ओलांडतील काय? आणि अलीकडची जागा आपल्या घराच्या सोयीची आहे, ते लोकांना दिसतं. सगळ्यांना वाटलं, आता घरचं भांडण बघायला मिळणार. ती लाल झाली. तावातावानं बोलली, मलाही बोलली, "तुमाले पयल्यापासून माहं काईच नाई पटत" इथपर्यंत. मग थांबली, घोटभर पाणी प्यायली आणि नाकातून आवाज काढून म्हणाली, "लिवा. जागा पलीकडची." तो पहिला खलिफा हात मिळाल्यावर म्हणाला होता म्हणे, की मी काही तुमच्यातला सगळ्यात चांगला नाही, वाकडा चाललो तर मला सरळ करा. हे ऐकायला किती सोपं वाटतं, सर. वाकडं चालणारं माणूस सरळ होताना केवढं जळतं ते मी काल पाहिलं. राज्य खरं कशानं होतं याचं उत्तर मी इतकी वर्षं निवडीत शोधत होते. ते निवडीच्या पुढेही चालू असतं, हे मला कालच्या त्या शाळेच्या वर्गात, लाकडी बाकावर कळलं.

आज सकाळी ती भाकरी थापत होती, पाठ वळवून, अजून रुसलेली. मी जाऊन पाटावर बसले. तिनं कटोऱ्यात हात बुडवला, काढला, भाकरीवर फिरवला. आणि मी माझा हात त्या पाण्यात घातला. पार मनगटापर्यंत, आणि तसाच ठेवला. रिवायत कच्ची आहे, ठाऊक आहे मला. खालांना आवडायची.

"अवं आत्याबाई!" ती ओरडली. "भाकरीचं पानी हाय ते! हात धुवाले मोरीत जाता नाई येत का?"

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हटलं, "चुकलं, सरपंचबाई."

तिला मी आजवर असं कधी म्हटलं नव्हतं. ती थापता थापता थांबली. उठली, पाणी ओतून कटोरा पुन्हा भरून आणला आणि पहिली गरम भाकरी माझ्या ताटात टाकली.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीये. अचलपूरच्या तुमच्या घरात आता दुसरी माणसं राहतात, आणि तुम्हा दोघांचा पत्ता टपालवाल्याला सापडणारा नाही. दुपारी चुलीत घालीन. फक्त एक तेवढं सांगायचं राहिलं. त्या सकाळी मी हात पुढे केला, तेव्हा तिनं तो द्यावा असं मला मनापासून वाटत होतं. आणि मत, सर, मी मलाच दिलं.